कीर्ती आणि कीर्तन

सज्जनहो, 'कीर्ती' आणि 'कीर्तन' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. त्याचा अर्थ सांगणे, वाखाणणे. म्हणजे कीर्ती माणसाच्या स्वतःच्या घरी राहतच नाही. ती राहते लोकांच्या मुखी. लोक बोलले तर आहे, गप्प बसले तर नाही.

याचा दाखला पोथीत शोधायला नको. तो बारामती तालुक्यातच आहे. मोढवे गावचा सूरज चव्हाण. आईबाप लहानपणीच गेले, शाळा आठवीपर्यंत, पुढे मोलमजुरी. या पोराने मोबाईलवर स्वतःच्या चित्रफिती काढून टिकटॉकवर टाकल्या. शिक्षण नाही, रंगभूषा नाही. आपली गावरान बोली आणि 'गुलिगत' हा एक शब्द. तेवढ्यावर तो घरोघरी पोहोचला. पण बघणारे सगळेच कौतुकाने बघत होते काय? पुष्कळ जण हसले ते त्याच्या बोलण्याला, त्याच्या रूपाला.

२९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. एका रात्रीत पाटी कोरी झाली! सूरज मात्र पुन्हा उभा राहिला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा तो विजेता ठरला. १४ लाख ६० हजार रुपये मिळाले. २५ एप्रिल २०२५ रोजी त्याला नायक करून काढलेला 'झापुक झुपूक' चित्रपट आला. ज्याला हसले, त्यालाच लोकांनी मते दिली.

आता यातून घ्यायचे काय? ज्या बोटाने जग चित्रफीत उघडते, त्याच बोटाने ती सरकवून देते. म्हणून पोरांनो, नाव झाले तर होऊ द्या, चार पैसे आले तर घराला लावा. पण जगाच्या बोटावर संसार मांडू नका. आणि बघणाऱ्यांनो, जोखीम तुमच्यावर अधिक आहे. गरिबाच्या अडखळत्या बोलाला हसून ती फीत पुढे धाडलीत, तर ते पाप यंत्राचे नव्हे, धाडणाराचे.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. वाटेत बेलवाडीच्या रिंगणात हल्ली टाळांबरोबर मोबाईलही वर उठतात. उठू द्या. पण नामात दंग होऊन नाचणारी एखादी म्हातारी त्यात सापडली, तर आधी तिला विचारा, "माउली, हे लोकांना दाखवू का?" नको म्हणाली, तर मोबाईल खिशात घाला आणि तिच्या पाया पडा. कीर्तन देवाचे करावे. माणसाची लाज राखावी.