कमावलेलं शरीर

मराठीत पैसा कमावतात, कातडं कमावतात आणि शरीरही कमावतात. तिन्हींना वेळ लागतो. तरीही मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हा टपरीवर निकाल लागला तो असा: "जंगलातली पोरं ती, काटक असणारच!" मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, परमेश आळे, कविदास काठमोडे, विकास सोयाम. मोहिमेसाठी निवड होईपर्यंत यातल्या कुणी गिर्यारोहणाचं नावही काढलं नव्हतं. मीही तेव्हा टपरीवाल्यांच्या म्हणण्याला मान डोलावली होती. आता डोलावणार नाही.

काटकपणा जन्मतः येतो की कमवावा लागतो, हा प्रश्न जुन्या पिढीला पडलाच नसता. तिच्या लेखी अंग घडायचं ते तालमीत: वस्ताद, हौद, जोर-बैठका आणि खुराक. 1914 साली अमरावतीत निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ही शिस्त तालमीबाहेर नेली. 1936 मध्ये मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवून आलं. मोठंच काम होतं ते. पण धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईचं अंग 'कमावलेलं' आहे, असं तेव्हाही कुणी म्हटलं नसतं.

मग वारा उलटा फिरला. 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. म्हणजे वस्ताद नको, आखाडा नको, रोजचं कामच पुरे? शहरी माणसाला हा विचार फार आवडला. त्यातूनच 'आदिवासी निसर्गतः तंदुरुस्त' ही समजूत फोफावली. कौतुकाच्या आडून ती अंग चोरते. जो जन्मतःच काटक आहे, त्याच्यासाठी कुणी काही करायची गरजच उरत नाही.

मला या समजुतीतून बाहेर काढलं ते गडचिरोलीनेच. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिणारे डॉ. अभय बंग याच जिल्ह्यात राहतात. जंगलाची हवा त्यांनाही मिळत होती, तरी ऐन चाळिशीत हृदयाने इशारा दिला. हवा कुणाला तंदुरुस्त करत नाही, एवढं त्यावरून कळलं. आणि नुसतं कामही करत नाही, हे कळलं त्यांच्याच शोधग्रामच्या दवाखान्यात येणाऱ्या कंबरदुखीच्या रुग्णांकडे पाहून. हे लोक आयुष्यभर वाकले, ओझी वाहिली, मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला. व्यायामशाळेच्या हिशेबाने ते पहिलवान व्हायला हवे होते.

कष्ट आणि सराव यांचा घाम सारखाच दिसतो. सरावात ओझं बेताने वाढवतात, मग विसावा देतात. झिजलेले स्नायू त्या विसाव्यात, पोटात गेलेल्या अन्नावर पुन्हा बांधले जातात, आधीपेक्षा थोडे भक्कम. रोवणीत ओझं किती ते पाऊस ठरवतो. विसावा पीक हाती आल्यावर. ताटात बहुधा भात आणि पातळ वरण. त्यात काहींच्या रक्तात सिकलसेल. अशा शरीराला आपण 'काटक' म्हणतो आणि पुढे निघतो.

आता पुन्हा त्या पाच जणांकडे पाहू. 'मिशन शौर्य' या त्यांच्या मोहिमेसाठी आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाने मुलं निवडली, महिनोन् महिने तयार केली, दार्जिलिंग आणि लडाखच्या बर्फात नेली. डोंगरदऱ्यांत वाढल्याने पायांत बळ होतंच, पण ते कच्चा माल होतं. आणि मोहिमेत मुलं दहा होती, माथ्यावर पोचली ती पाचच. डोंगरावर हवामानाचाही वाटा असतो, पण शरीर-शरीरातला फरकही खराच. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेरिटेज' अभ्यासात बैठी राहणी असलेल्या 481 जणांना 20 आठवडे एकसारखा व्यायाम दिला गेला. कुणाची प्राणवायू वापरण्याची क्षमता खूप वाढली, कुणाची जवळजवळ जागच्या जागी राहिली. हा कल बराचसा घराण्यांतून येत होता.

तेव्हा कधीच सराव न केलेला माणूस अत्यंत तंदुरुस्त होऊ शकतो का? बहुतेक जण आजच्यापेक्षा पुष्कळ पुढे जातील; शिखरावर थोडेच. पण कोण कुठवर जाईल हे आधी कळत नाही, आणि कळायचं तर प्रत्येकाला ते काही महिने मिळायला हवेत.

आमच्याकडे ते कुणाला मिळतात, हे पाहायचं असेल तर भरतीच्या दिवसांत पहाटे पाचला गडचिरोलीच्या किंवा मूलच्या रस्त्यावर या. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एव्हरेस्टवाल्यांच्या खुराकाची सोय सरकारने केली होती. या पोरांच्या दुधा-अंड्यांचे पैसे घरचे देतात, तेही तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली तर.