संतीचा टाहो

गोरोबाकाकांची गोष्ट आमच्या तेरमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ असते. काका चिखल तुडवतायत, मुखी विठ्ठलाचं नाव, बायको संती लेकराला ठेवून पाण्याला गेलेली. रांगत आलेलं लेकरू काकांच्या पायाखाली येतं आणि काकांना पत्ता नाही. मग संतीचा संताप, मला शिवायचं नाही अशी विठ्ठलाची आण, तिच्या बहिणीशी, रामीशी लग्न, आण मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडून घेणं. शेवटी पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात टाळीसाठी थोटे हात वर जातात तर पंजे फुटलेले, आणि संतीने हाक मारताच लेकरू रांगत येतं.

मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो. चैत्र वद्यातल्या यात्रेला, सप्ताहाला, ही कथा कीर्तनकार महाराजांच्या बाजूला उभं राहून ऐकतो, त्यामुळे तिच्यातल्या चढउतारांशी माझा धंद्याचा संबंध. लेकरू तुडवलं जातं तिथे महाराज आवाज खाली आणतात, संतीला दोन वाक्यं देतात आणि माझ्याकडे बघतात. उचल, असा त्या बघण्याचा अर्थ. मी ठेका उचलतो, टाळकरी धृपद धरतात आणि संती मागे राहते. चिखलात हात घालून लेकरू शोधणारी बाई आम्ही दर वर्षी तिथेच सोडून पंढरपूरला निघतो. गर्दी खूश असते, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मला खटकायला लागलं ते एका परक्या बाईच्या गाण्यामुळे. यात्रेला पुण्याहून आलेल्या पुतण्याने माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, “तात्या, जरा ऐका. तुमच्या भजनासारखंच हाय.” मी तेव्हा पखवाजाच्या धुमेला कणीक लावत होतो. हात पिठाचे, म्हणून काढूनही टाकता येईना.

बाईचं नाव नीना सिमोन, गाणं ‘सिनरमन’. सुरुवातीला पियानो दोन-तीन सुरांत घोळत राहतो, मागे ड्रमच्या पितळी थाळीची बारीक टिकटिक. आवाज बाईचा की बाप्याचा, हे आधी कळेना. जाड, खालचा, ठाम. गाणं दहा मिनिटांहून मोठं. मध्यावर पियानो थांबतो आणि उरतात नुसत्या टाळ्या, त्यांच्यामधून डोकावणारा ड्रम. पखवाजी माणूस हिशोब लावल्याशिवाय राहत नाही. मी बोटांनी मांडीवर भजनी ठेका धरून पाहिला. बसला नाही, पण आपला गडी ओळखू यावा तसं काहीतरी ओळखीचं वाटलं. मग पियानो परत येतो, आणि शेवटाकडे बाई देवाकडे बळ मागत राहते, तर मागची मंडळी टाळकऱ्यांसारखी तिला ओ देतात.

अर्थ पुतण्याने सांगितला. न्यायाच्या दिवशी एक पापी पळत सुटलाय. कड्याकडे जातो, मला लपव म्हणतो. कडा लपवत नाही. नदीकडे जातो, समुद्राकडे जातो, तिथेही आसरा नाही. मग देवाकडे जातो, आणि देव त्याला सैतानाकडे जायला सांगतो. तिथे सैतान वाट बघत उभाच. मी विचारलं, “मग पुढं?” पुतण्या म्हणाला, “पुढं काय, परत पळतो.”

आमच्यात देवाशी भांडण नवीन नाही. वारकऱ्याला विठ्ठलाला खडसावायचा हक्कच आहे. चोखोबांना तर महाद्वाराच्या आत पाऊल टाकता आलं नाही, त्यांची समाधी आजही पंढरपूरला पायरीपाशी आहे. पण आमच्या भांडणात देव शेवटी विरघळतो, हे आधी ठरलेलं असतं. विटेवरून उतरून येतो, गोवऱ्या वेचतो, दळण दळतो. दार लावून घेतलेला देव मी गाण्यात पहिल्यांदा ऐकला, आणि गाणारी त्याच देवाची होती, हे विशेष.

कारण ही बाई नास्तिक घरातली नव्हे. मूळ नाव युनिस वेमन, जन्म 1933, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायन गाव. आई मेथडिस्ट पंथाची प्रवचनकार. पोर लहान वयातच चर्चमध्ये पियानोवर साथीला बसली, म्हणजे आमच्याच बिरादरीची. 1954 साली अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये वाजवायची पाळी आली, तेव्हा आईला कळू नये म्हणून तिने नाव बदललं. आईच्या लेखी ते सैतानाचं संगीत. पण ‘सिनरमन’ हे गाणं आईच्याच सभांतलं, लोकांनी पापं कबूल करावीत म्हणून गायलं जाणारं. नीनाला जॅझ गायिका म्हटलेलं खपत नसे. आमच्याकडेही भजन्याला ऑर्केस्ट्रावाला म्हटलं तर मारामारी होईल.

15 सप्टेंबर 1963, रविवार. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. देवाच्या घरात, देवाच्या वारी. बातमी ऐकून नीना हाताशी मिळेल त्या सामानातून बंदूक बनवायला बसली होती. नवऱ्याने सांगितलं, तुला मारामारी जमायची नाही, तुला गाणं येतं. ती पियानोवर बसली. ‘सिनरमन’ची तबकडी निघाली 1965 मध्ये. गाणं जुनंच होतं, पण लपायला जागा नसलेल्या माणसाचं गाणं त्या मुलींनंतर ऐकणाऱ्यांना कसं लागलं असेल, ते मला सांगावं लागत नाही. मी सास्तूर पाहिलंय.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि किल्लारीसोबत आमच्या जिल्ह्यातली उमरगा-लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावंही दगडामातीच्या भिंतींखाली गेली. साडेनऊ हजारांवर माणसं मेली. मदतीला गेलेल्या पोरांत मी होतो. ढिगाऱ्यापाशी हातांनी माती उपसणाऱ्या बाया पाहिल्या. त्यांतल्या कुणाचं लेकरू नंतर कीर्तनात रांगत आलं नाही.

म्हणून आता मला संतीच्या दोन वाक्यांत भागत नाही. काकांच्या भक्तीवर माझा संशय नाही, पंजे फुटल्यावरही नाही. पण चमत्कार होतो त्याच्यासाठीच देव, असं म्हटलं तर सास्तूरच्या बायांना कोणता देव उरतो? नीनाच्या गाण्यात हात आहेत, टाळ्या आहेत, आणि चमत्कार नाही. तरी ती गायचं सोडत नाही, मागणंही सोडत नाही. देवाने हाकलल्यावरही त्यालाच हाक मारणं, हे मला फळाची खात्री असलेल्या नामस्मरणापेक्षा वरचं वाटतं. जाणत्यांनी याला पाखंड म्हणावं, माझी हरकत नाही. काकांनी थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली तेव्हा खुद्द नामदेव कच्चे निघाले होते, माझं काय.

यंदा सप्ताहाआधी हे मी महाराजांपुढे काढलं. गाणंही ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून अर्ध्यापर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ह्यात देव कुठंय?”

म्हणालो, “दाराआड. महाराज, लेकरू गेल्यावर संतीला जरा जागा द्या. मी लगेच ठेका उचलत नाही. तिला रडू द्या.”

“तात्या, मंडपात बसलेल्या निम्म्या बाया घरून रडूनच आलेल्या असतात. कुणाचं पोर गेलंय, कुणाच्या मालकानं कर्जापायी फास घेतलाय. त्या लेकरू उठताना बघायला येतात. तेवढं मी दिलं नाही तर त्यांनी जायचं कुठं?”

“म्हणूनच म्हणतो. त्यांचं उठलं नाही, हे एकदा मंडपात कुणीतरी कबूल करावं.”

महाराजांनी उपरणं झटकलं, चहा संपवला. “पखवाज तुझ्या हातात हाय. थांबायचं तर थांब. पण पब्लिक उठून गेली तर माझं नाव सांगू नको.”