वार लावून जेवणारा शास्त्रज्ञ

'स्पॉन्सर' या शब्दाशी आमची पहिली ओळख दूरदर्शनने करून दिली. मालिका सुरू होण्यापूर्वी एक बाई गोड आवाजात सांगायची, की या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत अमुक साबणवाले. म्हणजे रडणार सून, रडवणार सासू आणि पैसे भरणार साबण. पुढे हा शब्द गल्लीतल्या गणपतीच्या मांडवावर चढला आणि विघ्नहर्त्याच्या डोक्यावर बनियनवाल्यांची पाटी लागली. तिथपर्यंत ठीक होतं. पण दोन पायांच्या, लग्न झालेल्या, डॉक्टरेट मिळवलेल्या माणसालाही प्रायोजक लागतो, हे ज्ञान आम्हांला भाच्यामुळे झालं.

भाचा सूक्ष्मजीवशास्त्रातला डॉक्टर. म्हणजे ताप आला तर त्याचा उपयोग नाही. तो कशाने आला होता, हे मात्र तो तीन-चार आठवड्यांनी खात्रीपूर्वक सांगू शकतो. त्याला इंग्लंडातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काम हवं होतं. इथे यंत्र असलं तर रसायन नसतं, रसायन आलं की यंत्र चालवणारा रजेवर असतो, आणि दोन्ही हजर असले की वीज जाते, असं त्याचं म्हणणं. तेव्हा पठ्ठ्या रोज रात्री जेवण झालं की यादी घेऊन बसायचा.

ही यादीही मोठी मौजेची. परदेशी माणूस नेमण्याचा परवाना असलेल्या मालकांची नावं तिथलं सरकार प्रसिद्ध करतं. त्यात विद्यापीठं आहेत, औषध कंपन्या आहेत, वृद्धाश्रम आहेत, उपाहारगृहंही आहेत. नावं हजारोंनी. पण यादीत नाव आहे म्हणजे तो मालक माणूस नेमेलच असं नाही. विवाहमंडळात नाव घातलेला प्रत्येक मुलगा बोहल्यावर थोडाच चढतो? रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिरावं म्हटलं, तर 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही उपाधी तिथे कायद्याने राखीव. परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय ती लावता येत नाही. राहता राहिली विद्यापीठं. तिथल्या अर्जात शिक्षण, अनुभव, छापलेले निबंध असं सगळं आनंदाने भरत जावं, आणि शेवटाकडे हळूच एक प्रश्न यावा : 'तुम्हांला व्हिसासाठी प्रायोजक लागेल काय?'

हा मंगळ! मुलगी देखणी, शिकलेली, गाणारी, सगळं उत्तम. पण पत्रिकेत मंगळ. 'हो' लिहिलं की समोरून 'कळवतो' येतं. काही जाहिरातींत तर मंगळाची मुलगी चालणार नाही हे आधीच छापलेलं असतं. आमची ताई म्हणाली, "अरे, मंगळाची निदान शांत तरी करता येते. याचं काय करायचं?"

अखेर एका विद्यापीठात स्थळ जमलं. मालकाकडून 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' आलं. ताईला ते देवापुढे ठेवायचं होतं. भाचा म्हणाला, "आई, सर्टिफिकेट म्हणतात खरं, पण तो कागद नसतो. नुसता एक क्रमांक असतो." ताईने तो क्रमांक पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतला आणि त्याला कुंकू लावलं. मग इंग्रजी येतं याचा पुरावा. प्रबंध इंग्रजीत लिहिलेला आहे, हा पुरावा नव्हे. मग क्षयरोग नसल्याचा दाखला. बिचाऱ्याने पाच वर्षं क्षयाच्या जंतूंवर काम केलेलं. त्याला जंतूंची खडान् खडा माहिती, पण जंतूंना त्याची माहिती नाही, हे छातीचा फोटो काढून सिद्ध करावं लागलं. मग तिथल्या आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरणा : माणशी वर्षाला १,०३५ पौंड. नवरा-बायको मिळून तीन वर्षांचे ६,२१० पौंड. अजून शिंकसुद्धा आलेली नाही!

इथवरचं सगळं हसून सोडून देण्यासारखं. पोटासाठी परदेशी जायचं तर दारात थोडं ताटकळावं लागणारच. आम्हांला हसू आवरावं लागलं ते पुढे, दोन वर्षांनी आलेल्या एका फोनमुळे.

भाच्याच्या प्रयोगशाळेतले साहेब एका औषधाच्या मागे होते. ते औषध चिवट जंतूंनाही मारतं असा त्यांचा सिद्धांत. भाच्याने प्रयोग केला. औषध घातलेल्या नळीतले जंतू मेले, ही आनंदाची गोष्ट. पण औषध न घातलेल्या नळीतलेही मेले! म्हणजे मारेकरी दुसराच कोणी. आणि साहेबांचा निबंध तर पाठवायच्या बेतात.

"मग सांग की त्यांना," मी आरामखुर्चीतून म्हणालो.

"सांगायलाच हवं, मामा. पण माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो. पुढच्या तीन वर्षांची सही त्यांच्याच हातात आहे."

हे साहेब काही दुष्ट नव्हेत, बरं का. भाचा उतरला तेव्हा स्टेशनवर न्यायला स्वतः आले होते, आपला जुना ओव्हरकोट त्याला दिला होता. पंचाईत तीच आहे. साहेब दुष्ट असते तर मनात निदान घोटाळा नसता. इथे भाच्याला कळेना, की आपण गप्प बसतो आहोत ते ओव्हरकोटाला स्मरून, की मार्च महिन्याला घाबरून. कृतज्ञता कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते, हे ज्याचं त्याला सांगता येईना. आणि हा प्रश्न साधा नाही. कारण प्रयोगशाळा नावाच्या जागेत पगार मिळतो तोच मुळी 'साहेब, हे चुकलं' म्हणण्याबद्दल. 'वा साहेब' म्हणायला जंतूंचं शास्त्र कशाला शिकायचं?

आपल्याला वाटतं, प्रायोजक म्हणजे जामीन. पतपेढीचं कर्ज काढताना लागतो तसा. पण पतपेढीत कर्जदार पळाला तर बुडतो जामीन. इथे जामिनाने अंग काढलं तर बुडतो कर्जदार. नोकरी सुटली की मालकाने दहा कामाच्या दिवसांत सरकारला कळवायचं. मग सरकार बहुधा ६० दिवसांची मुदत देतं. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. अमेरिकेतही २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवसच. साठ दिवसांत प्रयोगशाळेतली नोकरी! अहो, तिथे साठ दिवसांत अर्जाची पोच आली तरी पेढे वाटतात. त्यात मुलांची शाळा, घराचा करार, बायकोचा व्हिसा, सगळं त्याच एका सहीला टांगलेलं.

अशा वेळी आम्हांला आपल्याकडचे वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवतात. पुण्यात शिकायला आलेला गरिबाचा मुलगा सात घरी सात वार लावायचा. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. त्यात अपमान होता, शिळी पोळी होती, ताकात पाणी होतं. उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण दडलेलं होतं. सोमवारच्या काकूंना उलट उत्तर दिलं, तर उपास फक्त सोमवारी पडायचा! सहा दिवस ताठ मानेने जेवता यायचं. आश्रित तोही होताच. पण तो सातांचा आश्रित, म्हणून कुणा एकाचा नोकर नव्हता.

आम्हांला वाटतं, स्वातंत्र्य म्हणतात ते एवढंच असावं. कुणावर अवलंबून नसलेला माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. आमचं स्वतःचं स्वातंत्र्य दूधवाला, पेन्शनीचा कारकून आणि घरातली मंडळी अशा अनेकांत वाटून ठेवलेलं आहे, म्हणूनच ते टिकून आहे. प्रायोजकाच्या व्हिसाची खोड अशी, की तो सातही वार एकाच घरी लावून देतो, आणि वर विचारतो, आमटी कशी झालीय?

यावर साहेबाच्या देशाला नावं ठेवावीत, तर आपल्याकडचे गाईड आठवतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची पाच-पाच वर्षं एका सहीवर लटकलेली असतात. गाईडच्या घरची भाजी आणणारे आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढणारे संशोधक आपण पाहिलेले आहेत. एकाच घरी जेवायची सवय पोरांना आपणच लावून पाठवतो.

आता हरगोविंद खोराना बघा. १९४५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेले. तिथून झुरिच. १९४९ मध्ये परत आले तर मायदेशात मनासारखं काम मिळेना. मग केंब्रिज, १९५२ मध्ये कॅनडातलं व्हँकुव्हर, १९६० मध्ये अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. १९६८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा. वार लावूनच जेवले म्हणायचे! ब्रिटिश सरकारलाही ही युक्ती ठाऊक नाही असं नाही. २०२० पासून त्यांच्याकडे 'ग्लोबल टॅलेंट' नावाचा व्हिसा आहे. त्याला मालक लागत नाही, नोकरी बदलली तरी चालते. फक्त तो मिळवायला तुमची गुणवत्ता आधी नामांकित संस्थेने मान्य केलेली हवी. म्हणजे सात घरं उघडी आहेत, पण ज्याचं पोट आधीच भरलंय त्याला.

भाच्याने साहेबांना सांगितलं. लगेच नाही; चार रात्री जागून काढल्यावर. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, प्रयोग पुन्हा करा. पुन्हा तेच आलं. सिद्धांत बासनात गेला आणि मार्चमध्ये सही आली.

ताईने सत्यनारायण घातला. "खरं बोललं की देव पाठीशी उभा राहतो," ती म्हणाली. प्रसादाचा शिरा तोंडात असताना वाद घालू नये, म्हणून मी गप्प राहिलो. पण सही आली म्हणून व्यवस्था बरोबर ठरत नाही. साहेब भला निघाला, एवढंच ठरतं. आणि त्या चार रात्रींचा हिशेब उरतोच. त्याच खोलीतल्या, तिथेच जन्मलेल्या पोराने तीच नळी पाहिली असती, तर त्याने दुपारच्या चहाआधी सांगून टाकलं असतं. तो काही भाच्यापेक्षा जास्त प्रामाणिक नव्हे; त्याचे वार निरनिराळ्या घरी लागलेले आहेत.

खरं बोलायला धैर्य लागतं म्हणतात. पण काही जागा अशा असाव्यात, की जिथे ते साध्या, भित्र्या, संसारी माणसालाही परवडावं. नाहीतर औषध न घातलेल्या नळीतले जंतू मरतच राहतील, आणि सगळे मिळून औषधाचं कौतुक करत बसतील.