भुसावळला डावीकडे वळलेली गाडी

वाचन प्रेरणा दिनाचे फोटो अजून बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये तसेच असतील. डॉ. कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यभर हा दिवस साजरा होतो आणि पाठोपाठ त्याची टवाळीही होते. टवाळी करणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: वाचन ही कोपऱ्यात बसून एकट्यानं करायची गोष्ट, तिला मांडव, माइक आणि प्रमुख पाहुणे कशाला? ८ फेब्रुवारी २०२८ ला फ्रेंच कादंबरीकार ज्यूल्स व्हर्नच्या जन्माला २०० वर्षं होतात, त्या दिवशी वऱ्हाडातल्या खामगावानं त्याचं जाहीर वाचन करावं, असं या मंडळींना सुचवलं तर दुसरा आक्षेपही तयारच असतो. खामगाव कुठं, फ्रान्स कुठं? आपले लेखक काय संपले? यातल्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर फार आधीच मिळालेलं आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती असा दिला, की ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचणाऱ्या पोराला मूळ लेखक नांत नावाच्या गावी जन्मला होता याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. माझं म्हणणं मात्र याच्या पुढचं आहे. व्हर्नचं एक प्रकरण पॅरिसपेक्षा खामगावात जास्त नीट वाचता येईल.

आधी पहिल्या आक्षेपाबद्दल, म्हणजे एकट्यानं वाचण्याबद्दल. खामगावहून गजानन महाराजांचं शेगाव किती दूर? दासगणूंच्या ‘गजानन विजय’चे २१ अध्याय एका आसनावर वाचून उठणारी माणसं या टापूत घरोघर सापडतील, आणि त्यातल्या अनेकांनी आयुष्यात कादंबरी हाती धरलेली नसेल. त्यांना वाचक म्हणायचं नसेल तर तसं धीटपणे म्हणावं. पारायणाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: निवडक उतारे नाहीत. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत, कंटाळवाणा भागही वाचायचा. आपल्या साहित्यिक सोहळ्यांत नेमकं उलटं चालतं. मान्यवर दोन मिनिटांचा उतारा वाचतात, त्याआधी वीस मिनिटं त्यांचा परिचय होतो, आणि शाल-श्रीफळ उरकेपर्यंत चहा गार होतो.

आता ते प्रकरण. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ ही कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात क्रमशः आली. तिच्या अकराव्या प्रकरणात जगाच्या सफरीला निघालेला नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून कलकत्त्याच्या गाडीत बसतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बुटांसकट शिरलेला असतो. तिथं मार खाऊन तो बोडका आणि अनवाणी स्टेशनवर पोचतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी बऱ्हाणपूरला थांबते तेव्हा तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही, पण बूट गेलेल्या माणसाला पुढच्या बाजारात काय लागेल हे त्याला ठाऊक होतं. मुंबई ते बऱ्हाणपूर म्हणजे वाटेत भुसावळ. तिथं गाडी डावीकडे, खांडव्याच्या अंगाला वळली. उजवीकडचा फाटा मलकापूर, नांदुऱ्यावरून जलंबला येतो, आणि जलंबहून खामगावची आठ-एक मैलांची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं १८७० मध्ये सुरू केली होती. माणसांची सोय व्हावी म्हणून ती टाकलेली नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरला वऱ्हाडच्या कापसाची चटक लावली होती आणि खामगावची पेठ त्या काळी वऱ्हाडातली मोठी पेठ होती. गाठी बंदराला लवकर पोचाव्यात, एवढाच त्या रुळांचा हेतू. (याच मेयोचा अंदमानात खून झाला तो ८ फेब्रुवारी १८७२ ला, म्हणजे व्हर्नच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो सांगायचा मोह आवरत नाही.)

याच प्रवासात व्हर्न एका वाक्यात सांगतो, की इंजिन चालवणारा इंग्रज, त्यातला कोळसा इंग्लंडचा, आणि धूर पसरतो तो कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिऱ्यांच्या मळ्यांवर. खानदेशात जायफळ! पॅरिसच्या वाचकानं ते मुकाट गिळलं असेल, काळ्या मातीतला शेतकरी मोठ्यानं हसेल. पण हसून झाल्यावर त्याच वाक्यातला कापूस आणि इंग्रजी कोळसा त्याला थांबवेल, कारण तेवढं व्हर्ननं अचूक पकडलं आहे. रेल्वे कोणाची आणि कशासाठी, हे मोजक्या शब्दांत आलं आहे. ही मौज जायफळ आणि कापूस दोन्ही ओळखणाऱ्या गावातच घडू शकते.

आणि इथंच मला माझं पारायणाचं कौतुक निम्मं मागे घ्यावं लागतं. पोथीसमोर बसणारा तिच्यात चूक शोधायला बसत नाही, बसूही नये. व्हर्नला त्या भावानं वाचलं तर सगळंच फसेल, कारण या कादंबरीचा हिंदुस्थान चुकांवर उभा आहे. गाडी पुढे एका जागी थांबते, अलाहाबादपर्यंत सुमारे ५० मैल रूळच नाहीत. वर्तमानपत्रांनी लोहमार्ग पुरा झाल्याची खोटी बातमी दिली, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात वर्तमानपत्रं खरी होती: जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. पण ते रूळ उखडल्याशिवाय हत्ती कसा आणणार, आणि हत्तीशिवाय औदा कशी वाचणार? ही औदा मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, आणि तिला बुंदेलखंडच्या राजाबरोबर सती पाठवायला निघालेत. हत्तीचा माहूतही पारशी! सतीबंदीचा कायदा १८२९ चा. वसाहतवादी नजरेचा आरोप करणाऱ्यांना एवढा पुरावा पुरेसा वाटतो, आणि पुरावा खोटा नाही. फक्त त्यांनी निकाल लावण्याआधी दोन-तीनच वर्षं पुढे जावं. व्हर्नच्याच ‘गूढ बेट’ कादंबरीत कॅप्टन नेमो आपली ओळख देतो ती बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार म्हणून, सत्तावनच्या उठावात इंग्रजांशी लढलेला. जो लेखक पारशी स्त्रीला सती पाठवतो, तोच आपल्या सर्वांत मोठ्या नायकाला हिंदी बंडखोर करतो. हा गुंता उताऱ्यातून कळत नाही. तो सबंध पुस्तकांतून, चार माणसांनी एकमेकांना अडवत वाचल्यावर कळतो.

फॉग प्रवासभर पत्ते खेळतो, खिडकीबाहेर बघत नाही. पासपोर्टवर शिक्का पडला की त्याचं भागतं. बॅनरखाली उभं राहून पुस्तक हातात धरल्याचा फोटो काढणाऱ्यांची मला याच कारणानं आठवण होते. म्हणून खामगावकरांना विनंती आहे: व्हर्नचा सत्कार करू नका, त्याच्याशी भांडा. पारायणातून सबंध वाचण्याची शिस्त घ्या, हार-फुलं तिथंच ठेवा. एक कापूस उत्पादक, एक रेल्वेतला माणूस आणि एक इतिहासाची शिक्षिका समोर बसवा, आणि चूक दिसली की वाचणाऱ्याला थांबवायचा हक्क सगळ्यांना द्या. ८ फेब्रुवारी २०२८ ला मंगळवार आहे, सुट्टी नाही. संध्याकाळी बसावं लागेल.