मद्यासक्त मनुष्य अपराधी कीं रोगी?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तीन शहरांचा संसार कारखाने, लहान उद्योग व मुंबईची नोकरी ह्यांवर चालतो. जेथें अंगमेहनत फार व विसावा थोडा, तेथें संध्याकाळीं दारू मित्राचें सोंग घेऊन दारीं उभी राहते. मग प्रश्न येतो कीं, तिच्या अधीन झालेल्या मनुष्यास अपराधी समजावें कीं रोगी? कोणी म्हणतात, प्याला त्यानेंच ओठांस लाविला, मग दोष दुसऱ्या कोणाचा? कोणी म्हणतात, तो बिचारा आजारी, त्यास बोल कां लावावा? आमच्या मतें दोहोंत अर्धें अर्धेंच सत्य आहे.

तो रोगी आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. फार वर्षांच्या पिण्यानें मेंदू दारूस इतका सरावतो कीं, ती एकाएकीं बंद होतांच हात कांपतात, झोप उडते, कित्येकांस फेफऱ्यासारखे झटके येतात व भ्रम होतो. प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. म्हणून मंडळीसमोर शपथ घेववून त्याच रात्रीं अशा मनुष्यास खोलींत कोंडणें हें हित नव्हे, घात होय. त्यास आधीं डॉक्टरांकडे न्यावें. पुण्यांत अनिता व अनिल अवचट ह्या दांपत्यानें १९८६ सालीं स्थापिलेलें मुक्तांगण केंद्र व्यसन हा आजार आहे असें मानूनच उपचार करितें.

परंतु रोगी म्हणून तो जबाबदारींतून सुटला असें नाहीं. क्षयरोग्यानें औषध घेणें हें जसें त्याचें कर्तव्य, तसेंच उपचार पत्करणें हें ह्याचें कर्तव्य होय. पगाराच्या दिवशीं मुलांच्या तोंडचा घास गुत्त्यावर जातो, तें पाप आजाराच्या नांवाखालीं झांकतां येत नाहीं. आणि मार खाणाऱ्या पत्नीस केवळ सहनशीलतेचा उपदेश करणें हा उघड अन्याय आहे; तिला आधीं आसरा द्यावा.

खरा अपराधी शोधावयाचा तर विक्रेत्याकडे पाहावें. जून २०१५ मध्यें मुंबईंतील मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक गरीब माणसें दगावलीं. तींत मिथेनॉल होतें. हें कारखान्यांत लागणारें द्रव्य पोटांत गेल्यावर त्याचें विष बनून दृष्टि जाते व प्राणही जातो. आमच्या भागांतही रसायनांचे कारखाने आहेत, ह्याचा विसर पडूं नये. दारूचें दुकान महिला मतदारांच्या बहुमतानें बंद करविण्याची तरतूद महाराष्ट्रांत आहे; भगिनींनीं तिचा उपयोग करावा.

तेव्हां वाचकहो, रोग्यास औषध, घरच्यांस आधार व विक्रेत्यास शासन, असा आमचा विचार आहे. पडलेल्यास नांवें ठेवणें सोपें. त्याचा हात धरून दवाखान्याची पायरी चढणें कठीण. परंतु शेजारधर्म तो हाच.