कपाटाची पाठ

माणसाप्रमाणे कपाटालाही पाठ असते, ही गोष्ट घर बदलायची वेळ येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कपाट म्हणजे त्याची दारं, त्याचा आरसा, त्याच्या मुठी आणि त्याच्या डोक्यावर रचलेल्या बॅगा, अशी आपली समजूत असते. पाठ बिचारी भिंतीला टेकलेली. भिंत काही बोलत नाही. त्यामुळे कपाटाच्या पाठीबद्दल खरी आस्था या जगात दोनच प्राण्यांना असते. एक वाळवी आणि दुसरा, घरात सुतारकाम काढलेला गृहस्थ. मी सध्या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

घरात सुतारकाम काढलं की माणूस तत्त्वज्ञ होतो, असा माझा अनुभव आहे. त्याला इलाज नसतो. खुर्च्यांवर फळ्या रचलेल्या असतात, टेबलावर भुसा असतो, पेपर मिस्त्रींनी फेविकॉलचा डबा ठेवायला घेतलेला असतो, आणि चहा करून देण्यापलीकडे आपल्याला घरात काही स्थान उरलेलं नसतं. अशा अवस्थेत स्टुलावर बसून विश्वाचा विचार करणं एवढंच हाती राहतं. त्यात आमचे मिस्त्री बोलके. पाठीला कुठला प्लाय लावायचा, असं मी विचारलं तेव्हा ते रंधा न थांबवता म्हणाले, "साहेब, मागनं साधाच लावू की. मागं कोण बघतंय?"

मिस्त्रींना कल्पना नसेल, पण हा प्रश्न सुमारे २४०० वर्षांचा जुना आहे. ग्रीस देशी प्लेटो नावाचा एक पंडित होऊन गेला. त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. अंगठीचा खडा तळहाताकडे वळवला की माणूस अदृश्य होतो. झालं! मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. मग ग्रंथातलं एक पात्र विचारतं की, अशी अंगठी मिळाली तर कुठला माणूस सरळ वागेल? थोडक्यात, मागं कोण बघतंय?

त्या मेंढपाळाला निदान अंगठी तरी लागली. मिस्त्रींना तीही लागत नाही. कपाट उचलून भिंतीला टेकवलं की काम झालं! अर्थात ते कुणा राजाचा खून करत नाहीत. ते फक्त स्क्रू हातोडीनं ठोकतात.

आता स्क्रू हातोडीनं ठोकण्यात काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. स्क्रूला आटे असतात ते शोभेसाठी नव्हेत. आधी बारीक भोक पाडून, आट्यांना जरासा साबण किंवा मेण चोळून स्क्रू फिरवत आत नेला, तर आटे लाकडात आपली वाट कापत जातात आणि लाकूड त्यांना घट्ट धरून बसतं. तोच ठोकला, तर आटे वाटेतले तंतू फाडत जातात, आणि आपल्या हाती उरतो तो एक महागडा खिळा. शेवटचे दोन फेरे तेवढे स्क्रू-ड्रायव्हरनं द्यायचे. वरून दोघांचीही डोकी सारखीच चकचकीत! फरक कळतो तो ऐन दिवाळीत, पाहुण्यांच्या समक्ष, कपाटाचं दार बिजागरीसकट हातात आल्यावर.

तेव्हा मागं कोण बघतं, या प्रश्नाचं उत्तर शोधणं भाग आहे. आमच्या लहानपणी हे उत्तर सोपं होतं. "देव बघतोय," असं आजी म्हणायची. पण देवाचा व्याप मोठा. प्रत्येक बिजागरीमागे तो डोकावत असेल, असं मानणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शाळेत मास्तरांनी दुसरं उत्तर शिकवलं, "आपलं मन बघत असतं." हे खरं असलं तरी मनाची एक अडचण आहे. काम चालू असताना ते बहुधा रजेवर असतं आणि रात्री दोन वाजता, आपण झोपलो असताना, हजर होतं.

मला सापडलेलं तिसरं उत्तर असं की, लाकूड बघतं.

ही अध्यात्माची गोष्ट नव्हे, पाण्याची आहे. झाड तोडलं तरी लाकडाची पाणी प्यायची सवय सुटत नाही. पावसाळ्यात ते हवेतली ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि हे फुगणं बहुतेक सगळं आडवं, रुंदीला. लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून तर प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांना आडवेउभे चिकटवतात आणि त्यांची संख्या ३, ५, ७ अशी विषम ठेवतात. मधल्या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना सारखाच पसारा राहिला की कुणी कुणाला ओढत नाही. आता अशा फळीच्या दारावर पुढून झकास सनमायका लावला आणि आतली बाजू 'कोण बघतंय' म्हणून कोरी ठेवली, तर एक अंग ओल पितं आणि दुसरं उपाशी राहतं. एकदोन पावसाळ्यांत दार धनुष्यासारखं वाकतं. वाकलेलं दिसतं ते पुढूनच! म्हणून जाणता सुतार आतल्या अंगाला, स्वस्तातला का होईना, पण सनमायका लावतोच. पुढचं तोंड सरळ राहावं असं वाटत असेल तर मागच्या अंगालाही तेवढंच जपावं लागतं. प्लेटोनं आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ग्रंथाचे उरलेले आठ भाग खर्ची घातले, आणि सार एवढंच काढलं की अन्याय करणाऱ्याचं आतलं घर विस्कटतं. हेच त्याला एका सुताराकडून अर्ध्या तासात कळलं असतं.

बाथरूमच्या लाकडी दाराची खालची कड घ्या. दाराला दोन्ही अंगांनी रंगाचे तीन-तीन हात मारले जातात, पण खालची कड कुणी रंगवत नाही. ती पाहायची तर जमिनीवर आडवं पडावं लागतं, आणि रंगाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की घरमालक एवढ्यासाठी आडवा पडणार नाही. पण उभ्या पट्ट्यांची तोंडं तिथेच उघडी पडलेली असतात, आणि लाकूड पाणी सर्वांत जास्त पितं ते या तोंडांनीच. आषाढ लागला की दार चौकटीत अडकतं. मग शेजारचे काका रंधा घेऊन येतात आणि दार तासून देतात. कार्तिकात दार आकसतं आणि मांजर जाईल एवढी फट पडते. म्हणून सांगतो, पावसाळ्यात दार तासू नये. थंडीपर्यंत कळ काढावी, आणि कोरड्या दिवसांत दार उतरवून खालची कड रंगवून घ्यावी.

बागेतही हाच न्याय. बाग म्हणजे मागच्या बाजूचं साम्राज्य, कारण तिथे जे महत्त्वाचं ते सगळं मातीखाली असतं. मातीच्या कुंडीला बाहेरून लाल ऑइलपेंट देऊन वर पांढरी नक्षी काढायची हौस अनेकांना असते. पण तिच्या भिंतीतून जी हवा आणि ओल ये-जा करते ती या रंगानं बंद होते. त्यातून तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा राहिला, तर भोक मातीनं बुजतं, पाणी साचतं आणि नटलेल्या कुंडीत गुलाब बुडून मरतो. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला, त्या वेळचे अन्न व शेती खात्याचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांच्या पुढाकारानं. तेव्हापासून आजवर लावलेल्या रोपांपैकी किती रोपं पिशवी न फाडताच खड्ड्यात गेली असतील, ते धरणीमातेलाच ठाऊक. फोटोत रोप येतं, पाहुणे येतात, झारीसुद्धा येते. पिशवी येत नाही. मुळं मात्र पिशवीतल्या पिशवीत गोल गोल फिरत राहतात, आणि मग लोक म्हणतात, इथली जमीनच वाईट.

एवढं सगळं ऐकून शेजारच्या काकांनी एकदम दुसरं टोक गाठलं. त्यांनी ड्रॉवरच्या खालच्या अंगाला पॉलिश करायला लावलं. अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं की कुंपणाची न दिसणारी बाजूही तेवढीच नीटस असली पाहिजे, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं. ते खरंही आहे. जॉब्ज यांनी आपल्या संगणकाची आतली मांडणीसुद्धा देखणी करवून घेतली. मात्र १९८४ साली तो मॅकिन्टॉश बाजारात आला तेव्हा त्याची पेटी साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडत नव्हती. आतून सुंदर करायचं आणि मग कुणाला उघडूच द्यायचं नाही! याला वैराग्य म्हणावं की अहंकार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उलट इंग्लंड-फ्रान्सची अठराव्या शतकातली खानदानी कपाटं पाहा. पुढून नक्षीकाम, आणि पाठ ओबडधोबड, रंध्याचे घाव तसेच दिसणारी, लाकूडही हलकं. जुनं सामान पारखणारे तर पाठीवरचे हे घाव पाहूनच कपाट अस्सल की नक्कल ते ओळखतात. आता या सुतारांना कुणी बेइमान म्हणेल का? मुळीच नाही. पाठीला पॉलिश नाही, पण पाठ आपण पॉलिशवाली आहोत असं सोंगही करत नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ओबड असणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं. मागं हलका प्लाय लावून "हलका लावलाय" म्हणणं हा व्यवहार झाला. सागाच्या पांढऱ्या भागाला, म्हणजे गाभ्याबाहेरच्या ज्या लाकडाला वाळवी आवडीनं खाते त्याला, तपकिरी रंग चोपडून गाभा म्हणून खपवणं हे खोटं. गाठीचं भोक दिसेल असं ठेवणं ओबड. त्यात लांबी भरून वर रंग मारणं आणि नेमका तिथेच स्क्रू घेणं हे खोटं. मागची बाजू सुंदर असायची गरज नाही. ती खरी असली म्हणजे पुरे.

आमच्या सासरेबुवांकडचं एक सागवानी कपाट आमच्याकडे आलं आहे. ते हलवलं तेव्हा पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: 'डावी', 'उजवी', आणि कोपऱ्यात इंचांची एक बेरीज. सुतार कधीच देवाघरी गेला असणार. पण आमच्या मिस्त्रींनी ती अक्षरं पाहिली, सांध्यावरून बोट फिरवलं आणि जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खाच नि कुसू बसवलाय साहेब. खिळा नाही एकपण." मागं कोण बघतं, याचं चौथं उत्तर मला तिथे मिळालं. पुढचा मिस्त्री बघतो. साठ वर्षांनी बघेल, पण बघतो.

आता एक अप्रिय गोष्ट. 'कोण बघतंय' हे वाक्य मिस्त्रींना शिकवलं कुणी? मला वाटतं, गिऱ्हाइकानं. काम ठरवताना गिऱ्हाईक काय विचारतं? "कितीत होईल?" मिस्त्री आकडा सांगतात. गिऱ्हाईक त्यातले पाच हजार कमी करतं आणि घरात येऊन विजयाची बातमी सांगतं. आमच्या हिच्या माहेरी तर अशा विजयांच्या तारखा पाठ आहेत. पण हे पाच हजार कुठून कमी झाले? दर्शनी सनमायकाचा रंग तर बाईसाहेबांनी निवडून ठेवलेला, मुठी पितळी हव्यात, आरसा हवाच. मग उरली काय? पाठ. ज्या बाजूला पाहणारं कुणी नाही, तिच्यासाठी भांडणारंही कुणी नसतं. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं काम, टाइलच्या खाली सगळीकडे माल भरायचं काम, अशा कामांचे पैसे देताना गिऱ्हाइकाचा हात आखडतो, आणि त्याच कामांत हात आखडला म्हणून तेच गिऱ्हाईक पुढे जन्मभर गवंड्याला शिव्या देतं. मिस्त्रींनी स्क्रू ठोकला तो वाईटच. पण फिरवायला लागणारा वेळ कुणी विकत घेतला होता का, हेही विचारायला हवं.

म्हणून घरात काम काढणाऱ्यांना माझा सल्ला अगदी व्यावहारिक आहे. भाव करताना 'कितीत होईल' याच्या आधी 'मागं काय लावणार' असं विचारा, आणि जे सांगतील त्याचे पैसे मुकाट्यानं द्या. कपाट भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवा, म्हणजे ओल लागणार नाही आणि वाळवी आलीच तर तिची मातीची नळी दिसेल. टाइल बसल्यावर रुपयाच्या नाण्यानं वाजवून पाहा. खाली पोकळी असली तर बद्द आवाज येतो. आणि पाठ ठोकली जात असताना चहाचा कप घेऊन तिथे उभे राहा. पहारा म्हणून नव्हे. कुणी बघत नाही अशा कामाकडे कुणीतरी कौतुकानं बघितलं की करणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. एका कपात हे सारं साधतं. दोन चमचे साखर घालावी लागते, एवढाच काय तो जादा खर्च.