लग्न फादर लावत नाहीत

छत्रपती संभाजीनगरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये लग्न लागलं, पाहुणे जेवायला निघाले आणि कुणी विचारलं की लग्न कुणी लावलं, तर उत्तर ठरलेलं : अमुक फादरांनी. बोलण्याच्या ओघात ते खपून जातं. चर्चच्या शिकवणीत मात्र ते बसत नाही. रोमच्या परंपरेत विवाह हा सात संस्कारांपैकी एक. मिस्सा फादर अर्पण करतात, पापांची कबुली फादर ऐकतात. विवाहाचा संस्कार मात्र वधू वराला देते आणि वर वधूला देतो. फादर चर्चच्या वतीनं दोघांची संमती विचारतात, ती ऐकून घेतात, आशीर्वाद देतात. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं धर्मगुरू आणि दोन साक्षीदार सक्तीचे केले, ते लपूनछपून लग्न करून पुढे कानांवर हात ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. साक्ष हवी, म्हणून फादर हवेत.

देणारे हे दोघे, तर ते देतात काय? अंगठी नव्हे, क्रूस ओवलेलं मंगळसूत्रही नव्हे. ते स्वतःला देतात, आणि स्वतःला म्हणजे नुसतं मन नव्हे. चर्चचा कायदा इथे इतका रोखठोक आहे की सोवळ्या मनाचा माणूस दचकावा. संमती दिली की विवाह झाला. पण पतिपत्नी देहानं एकत्र आलेच नसतील, तर योग्य कारण असल्यास पोप तो विवाह विसर्जित करू शकतात. दोघेही बाप्तिस्मा झालेले असतील आणि एकदा एकत्र आले असतील, तर मात्र मृत्यूखेरीज ती गाठ कुणालाच सोडवता येत नाही. वेदीपुढे दिलेला शब्द पुरा होतो तो शेजघरात. धर्माच्या कायद्यानं शेजघराला एवढं वजन दिलेलं असताना आपल्या प्रवचनांतून ते जवळजवळ गायब का, याचं मला नवल वाटतं.

आता मिस्सेकडे पाहा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू भाकरीला आपला देह म्हणतो, आणि तो देह दुसऱ्यांसाठी दिला जात असल्याचं सांगतो. कॅथलिक उपासनेचा गाभा एवढाच. गाणी, वाचनं, प्रवचन, धूप हे सगळं त्याच्या भोवतीनं. मिस्सेत देह दिला जातो; लग्नातही देहच दिला जातो. इफिसकरांना लिहिताना पौलानं नवराबायकोच्या एकदेह होण्याला ख्रिस्त आणि त्याची मंडळी यांच्या नात्याचं रहस्य म्हटलं, ते याच धाग्यानं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या जाहीर भेटींमध्ये हाच धागा पुरवून पुरवून उलगडला. रविवारची वेदी आणि घरातला संसार ही दोन वेगळी खाती नाहीत, असं ही शिकवण सांगते. एकाच देण्याच्या या दोन जागा.

मराठी माणसाला यातली निम्मी वाट ओळखीची आहे. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथले संत एकनाथ, म्हणजे आपले नाथ, संसारी होते, गिरिजाबाईंसह प्रपंच करत होते. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला, तेव्हा कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते फ्रान्सिस डी सेल्स बत्तिशीच्या आसपासचे होते, आल्प्सच्या पायथ्याशी सॅव्हॉय प्रांतात. पुढे ते जिनिव्हाचे बिशप झाले. एका विवाहित बाईला लिहिलेल्या उपदेशपत्रांतून त्यांचं भक्तिजीवनावरचं पुस्तक १६०९ साली उभं राहिलं. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, नवराबायकोच्या घरातून भक्तीला हाकलू पाहणाऱ्यांना त्यांनी त्यात चांगलंच फटकारलं आहे. याच सॅव्हॉयमधल्या ॲनेसी गावात १८३८ मध्ये त्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापन झाला. एकोणिसावं शतक सरताना त्या संघाचे फादर मराठवाड्यात आले, आणि हे नाव इथे रुजलं.

लग्नावरच्या प्रकरणात डी सेल्स पतिपत्नींना लाडीगोडीची मुभा देऊन थांबत नाहीत, ती हवीच असं सांगतात. इसहाक आणि रिबेका यांचं प्रेम खिडकीतून राजाच्या नजरेला पडलं आणि ही नवराबायको असल्याचं त्याला कळलं, हा दाखला ते देतात. फ्रान्सचा संत राजा लुई बायकोशी फार लाडानं वागतो म्हणून लोक त्याला जवळजवळ नावं ठेवत, हेही कौतुकानं सांगतात. पुढच्या प्रकरणात शेजेचा विषय निघतो, तेव्हा मात्र ब्रह्मचारी बिशप जरा अवघडलेले दिसतात. जेवणाच्या उपमेआडून बोलतात, मग हत्तीच्या संयमाची गोष्ट काढतात.

नाथांपासून वाट फुटते ती इथे. प्रपंच नेटका करून परमार्थ साधावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे प्रपंच ही साधनेची जागा. कॅथलिक शिकवण प्रपंचातल्या सर्वांत खासगी गोष्टीलाच संस्काराचं अंग मानते. चर्चमध्येही हे सुरुवातीपासून इतकं मोकळं नव्हतं. ऑगस्टीनच्या प्रभावाखाली कित्येक शतकं या सुखाला अपत्याची सबब लागत असे.

पौल मात्र त्याच्याही आधी करिंथकरांना लिहून गेला होता. नवऱ्याचा बायकोच्या देहावर हक्क, हे त्या काळी कुणीही म्हटलं असतं. बायकोचाही नवऱ्याच्या देहावर तितकाच हक्क, हे पहिल्या शतकातलं वाक्य आहे. प्रार्थनेसाठी दूर राहायचं तर दोघांच्या संमतीनं, ठरावीक काळापुरतं, आणि मग पुन्हा एकत्र यायचं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एकट्या नवऱ्यानं व्रत ठरवून बायकोला नुसतं कळवायचं नाही. देवाचं नाव घेऊनसुद्धा नाही.

मग संततिनियमन. पोप पॉल सहावे यांनी १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन केला; त्यांनीच २५ जुलै १९६८ रोजी कृत्रिम साधनांना मनाई करणारं परिपत्रक काढलं होतं. बाकांपर्यंत पोचली ती नुसती मनाई. तिच्यामागचा विचार पोचला नाही : देणं पूर्ण असावं, त्यातून प्रजननशक्ती वगळू नये. तो विचार सगळ्यांना पटतो असं नाही. दोन मुलांनंतर ऑपरेशन करून घेणारी जोडपी कॅथलिकांतही आहेत, आणि ती वाद न घालता मिस्सेला येतात. माझी तक्रार वेगळी आहे. ‘काहीही राखून ठेवू नका’ हे बाईच्या कुशीला लावलं जातं, नवऱ्याच्या पगाराला, रागाला आणि बाटलीला लावलं जात नाही. बायकोवर हात उचलून आलेला माणूस प्रभुभोजनाला पुढे येतो, तेव्हा येशूचं सांगणं लागू पडतं : अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन समेट कर. तो समेट शेजाऱ्याशी करायचा असतो असंच आपण समजतो.

भारतात १९६९ साली रोमनं मिस्सेतले काही देशी बदल मान्य केले, त्यात शांतीची खूण म्हणून नमस्कारही आला. प्रभुभोजनाच्या आधी शेजारच्याकडे वळून हात जोडायचे. नवऱ्यानं बायकोला नमस्कार करावा असा प्रसंग आपल्या घरांत येतो कधी? इथे दर रविवारी येतो; पण जिथे बाया एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे बसतात, तिथे तो हुकतो. मला ही बसण्याची रीत बदललेली आवडेल.

मराठवाड्यात ही शिकवण सांगायची तर ऊसतोडीला वगळून भागणार नाही. फडावर नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल त्याच हिशेबानं मिळते. जोडी हवी म्हणून पोरींची लग्नं अठराच्या आत उरकतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या २०१९ सालच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीमुळे काम बुडालं तर पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण. इथे देह दिला जात नाही, घेतला जातो. जबरदस्तीनं मिळवलेली संमती चर्चचा कायदा संमतीच मानत नाही, तसं लग्न मुळातच झालेलं नसतं. कायदा स्पष्ट आहे, अडचण ऐकणाऱ्यांची आहे. नाताळ येतो तेव्हा कोयते फडात असतात, गावच्या चर्चमधले बाक रिकामे. हे निरूपण ज्यांना ऐकवायचं त्यांना ते फडावर, कोप्यांपुढे जाऊन सांगावं लागेल; आणि मुकादम तिथे उभा असेल तर जास्तच बरं.